गडचिरोलीतला पहिला उन्हाळा

ब्रदर, चर्चच्या सेवेसाठी या गावात नवे आला आहात, तर पहिला महिना कार्यक्रम आखू नका. आधी गावाचं वेळापत्रक शिका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सगळे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. सकाळच्या गारव्यात घरभेटीला निघालात, तर दाराला कडी आणि अंगणात कोंबड्या, एवढंच भेटेल. नंतर माणसं सावलीत 70-70 पानांचे पुडे बांधत बसतात. तेव्हा उपदेश नको, शेजारी बसून पानं जुळवा. प्रार्थना दिवेलागणीनंतरच ठेवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- तहान लागेपर्यंत थांबणं. फार घाम गेला किंवा जुलाब झाले तर उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको, त्याने अपाय होतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्या.
- मच्छरदाणी नुसतीच टांगणं. कडा गादीखाली खोचा. ताप आला की ‘ऊन लागलं’ म्हणून पडून राहू नका. हा मलेरियाचा पट्टा आहे, त्याच दिवशी रक्त तपासा.
- पॉलिस्टरचा झगा. सुतीच शिवा.

मेणबत्त्या पत्र्याखाली ठेवू नका, दुपारपर्यंत माना टाकतात. माडिया या इथल्या आदिवासी बोलीचं व्याकरण पावसाळ्यात बघू. तोवर घराघरातली नावं पाठ करा.