टीव्हीवर मार्केट सांगायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बिझनेस चॅनलवर अँकर व्हायचंय. घरचे म्हणतात आधी सीए कर. अमेरिकेतल्या बिझनेस अँकर मारिया बार्टिरोमोंसारखं करिअर करायला नक्की काय लागतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : बरं झालं त्यांचंच नाव घेतलंत, कारण त्यांचं करिअर नीट बघितलं की उत्तर त्यातच सापडतं. बार्टिरोमो ब्रुकलिनच्या, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत जर्नालिझम आणि इकॉनॉमिक्स दोन्ही शिकल्या आणि मग सीएनएनमध्ये पाच वर्षं कॅमेऱ्याच्या मागे डेस्कचं काम केलं. 1993 ला सीएनबीसी या बिझनेस चॅनलवर आल्या, 1995 पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या फ्लोअरवरून रोज लाइव्ह रिपोर्टिंग करायला लागल्या, तोपर्यंत तिथून असं कोणीच केलं नव्हतं. आजूबाजूला ब्रोकर ओरडतायत, धक्के बसतायत आणि ही बाई मधे उभी राहून आकडे सांगतेय! 2014 पासून त्या फॉक्स बिझनेसवर आहेत. त्यांची पुढची राजकीय मतं पटोत न पटोत, पण ती डेस्कवरची वर्षं मला सगळ्यात मोलाची वाटतात, आपल्याकडची मुलं नेमकी तीच टाळायला बघतात.

सीए झालात तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. कंपनीची बॅलन्स शीट (मालमत्ता आणि देणी), कॅश फ्लो (पैशांची ये-जा) आणि खालच्या बारीक अक्षरातल्या नोट्स मात्र वाचता आल्याच पाहिजेत, कारण सव्वानऊला मार्केट उघडलं की समोर मजकूर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर कामाला येत नाही, मधेच एखाद्या कंपनीचा रिझल्ट येतो आणि नफा वाढलाय तो धंद्यातून की जमीन विकून हे तिथल्या तिथे कळावं लागतं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, टिप्सपासून लांब राहा. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, 2014 च्या नियमांप्रमाणे शेअर घ्या-विका असा सल्ला द्यायला रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. जानेवारी 2021 मध्ये सेबीने एका हिंदी बिझनेस चॅनलच्या अँकरवर अंतरिम आदेश काढला, आरोप असा की शोमध्ये शेअर सुचवायच्या आदल्या दिवशीच घरच्यांच्या खात्यातून तो घेतला जायचा आणि दुसऱ्या दिवशी विकला जायचा. बघणारा माणूस पेन्शनचे पैसे लावतो हो, त्याच्याशी असं खेळायचं नसतं.

आत्तापासून एवढं करा, एखाद्या कंपनीचा तिमाही रिझल्ट घ्या, मिनिटभरात साध्या मराठीत सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि शेअरमधलं काहीच न कळणाऱ्या घरातल्या कोणाला तरी ऐकवा, काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका, नाही समजलं तर परत रेकॉर्ड करा.