रीडर-रायटर लॉक लावलं, तरी वेग का वाढला नाही?

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात नोकरी करतो. आमचं लिनक्स कर्नल मोड्यूल येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी हॅश टेबलमध्ये एक नोंद शोधतं. टेबल क्वचितच बदलतं. ८ कोअरवर सगळं झकास चालायचं; दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसर चिप असलेल्या) ३२ कोअरच्या मशीनवर गेलो आणि ‘परफ टॉप’मध्ये (कुठल्या फंक्शनला किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) स्पिनलॉकचा (मिळेपर्यंत कोअरला जागीच फिरत ठेवणारं लॉक) स्लोपाथ, म्हणजे लॉक लगेच न मिळाल्यावरची वाट, सगळ्यात वर आला. म्हणून स्पिनलॉक काढून रीडर-रायटर लॉक लावलं (वाचणारे एकाच वेळी अनेक, लिहिणारा मात्र एकटाच). स्लोपाथ दिसेनासा झाला, पण पॅकेटचा वेग तसूभरही वाढला नाही. टीम लीड म्हणतात, प्रत्येक बकेटला (टेबलाच्या कप्प्याला) वेगळं लॉक लाव. लावू का?

उत्तर : इतक्यात नको. ‘परफ टॉप’ परत उघडा. स्लोपाथ गेला, पण ‘रॉ रीड लॉक’ हे फंक्शन आता वर आलं असेल, आणि ‘परफ ॲनोटेट’ करून फंक्शनच्या आत पाहिलंत तर जवळपास सगळा वेळ एकाच ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनच्या (मध्येच दुसरा कोअर घुसू शकत नाही अशी सूचना) आसपास दिसेल.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाहुण्यांना मज्जाव नाही, हव्या तितक्या लोकांनी एकाच वेळी आत जावं. पण गेटवर वही एकच. रांग लागते ती त्या वहीपाशी. रीड-लॉकचं नेमकं हेच होतं. वाचणारे कितीही असोत, प्रत्येकाला लॉकमधला आकडा एकने वाढवावा लागतो आणि जाताना कमी करावा लागतो. म्हणजे टेबल वाचायला आलेला कोअरही लॉकच्या जागी लिहितोच. त्यासाठी ती ६४ बाइटची कॅश लाइन (कोअर मेमरी ज्या तुकड्यांत आणतो तो तुकडा) त्याला एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते, आणि ३२ कोअर ती एकमेकांकडून ओढत राहतात. लाइन पलीकडच्या सॉकेटवर असेल तर आणखी उशीर. तुमचा शोध काही नॅनोसेकंदांत संपतो. तेवढ्या कामासाठी हा खर्च डोईजड आहे. कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की वाचनाचं काम लांबलचक नसेल तर साधं स्पिनलॉकच बरं, आणि नवीन रीडर-रायटर स्पिनलॉक विचारल्याशिवाय आणू नका. हे पान फारसं कुणी वाचत नाही.

लॉक-स्टॅट (लॉकांची आकडेवारी ठेवणारी सोय) चालू केलेलं कर्नल बांधून मोजलंत तर तिथे आणखी एक चकवा आहे. ‘कन्टेन्शन्स’च्या (लॉकसाठी किती वेळा थांबावं लागलं) रकान्यात जवळपास काहीच दिसणार नाही, कारण लिहिणारा नसला की वाचणाऱ्याला लॉक पहिल्याच फटक्यात मिळतं. बघायचा तो ‘ॲक-बाउन्सेस’चा रकाना : लॉक मिळालं, पण ते आधी दुसऱ्या सीपीयूकडे होतं, असं किती वेळा झालं ते तिथे कळतं. मात्र त्या कर्नलवर वेग मोजू नका, ते मोजमापच त्याला मंद करतं.

तुमच्या टेबलाला आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) हवं, म्हणजे वाचणाऱ्यांना लॉकच नको अशी पद्धत. ते लिनक्समध्ये २००२ साली, २.५ मालिकेत आलं. वाचणारा सगळ्यांच्या सामाईक जागी काहीच लिहीत नाही. प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करणं) नसलेल्या कर्नलवर तर आरसीयूच्या रीड-लॉकला जवळपास फुकटच म्हणावं. लिहिणारे आपसात एक साधं स्पिनलॉक वापरतील, नोंद यादीतून सुटी करतील आणि जुने वाचक बाहेर पडेपर्यंत तिची मेमरी सोडणार नाहीत. पथ्य एकच, पण कडक : वाचनाच्या टप्प्यात झोपायचं नाही.

आता खरी मेख. लॉक काढलं तरी वेग अडला, तर टेबलातली नोंद उघडून बघा, शोधता शोधता तिच्यात काय काय लिहिलं जातंय. माझा अंदाज सांगते. एक, प्रत्येक पॅकेटला रेफरन्स काउंट (नोंद किती जण वापरतायत तो आकडा) वाढवत असाल. काम वाचनाच्या त्याच टप्प्यात आटोपत असेल तर त्याची गरजच नाही. दोन, ‘शेवटचा वापर’ म्हणून दर वेळी जिफीज (कर्नलच्या घड्याळाच्या टिकटिकींचा आकडा) लिहीत असाल. आधी वाचा, वेगळं असेल तरच लिहा. एचझेड (सेकंदाला किती टिकटिक) २५० असेल तर ती किंमत सेकंदाला २५० वेळाच बदलते, मग दर पॅकेटला लिहून काय मिळवता? तीन, एकूण पॅकेट मोजणारा ग्लोबल ॲटॉमिक काउंटर. तो पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूला स्वतःचा) करा, आणि कुणी आकडा विचारला की तेवढ्यापुरती बेरीज करा. हा काउंटर स्ट्रक्चरमध्ये टेबलाच्या पॉइंटरला चिकटून बसला असेल तर न बदलणारा पॉइंटरही त्याच्यासोबत इकडून तिकडे फिरतो. ‘परफ सी-टू-सी’ अशा जोड्या बरोबर पकडून देतं.

टीम लीडना दुखवू नका, त्यांचा सल्ला सरसकट चुकीचा नाही. भरपूर लिहिणारे असतील तेव्हा लॉक वाटून घेणं हाच मार्ग. कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरी मॅपिंगचं एकच मोठं लॉक होतं, पेज फॉल्टसाठी (हवं ते पान अजून जोडलेलं नसतं तेव्हा) ते टाळता यावं म्हणून २०२३ च्या ६.४ आवृत्तीत प्रत्येक व्हीएमएला (मेमरीच्या एकेका सलग पट्ट्याला) स्वतःचं लॉक मिळालं. पण तुमच्याकडे लिहिणारे जवळपास नाहीतच. शिवाय बहुतेक पॅकेट दोन-तीन ठरावीक नोंदींवरच जात असतील, तर बकेट हजार केल्या तरी गर्दी त्याच दोन-तीन लॉकांवर.

प्रश्न : मी नेरूळला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपला ४ कोअर आहेत. व्हर्च्युअल मशीनला १६ सीपीयू देऊन स्पिनलॉकची चाचणी घेतली, तर आकडे भयंकर येतात आणि दर वेळी वेगळे. असं का, ताई?

उत्तर : लॉक धरलेला व्हर्च्युअल सीपीयूच होस्टने (तुझ्या खऱ्या लॅपटॉपने) बाजूला काढून ठेवला, की बाकीचे गरगरत बसतात. त्या आकड्यांत तुझ्या लॉकपेक्षा होस्टच्या शेड्युलरचाच हात जास्त आहे. चारपेक्षा जास्त सीपीयू देऊ नकोस, प्रत्येक एकेका कोअरला बांधून टाक आणि चाचणी चालू असताना ब्राउझर बंद ठेव. कर्नलमध्येच ‘लॉकटॉर्चर’ नावाचं मोड्यूल आहे, स्वतःचा कोड लिहिण्याआधी ते चालवून बघ.