जुन्या वाहतूक पेढ्यांच्या आठवणी टिपू पाहणाऱ्यास

प्रिय स्नेही,

स. न. वि. वि.

तुमचे पत्र, मुलाखतींसाठी तयार केलेली प्रश्नावली आणि छायाचित्रांच्या प्रती मिळाल्या. उत्तर इंग्लंडमधल्या घरगुती मालवाहतूक पेढ्यांच्या आठवणी, त्या पेढ्यांत राबलेली माणसे आहेत तोवर टिपून ठेवण्याचा तुमचा संकल्प मला मनापासून आवडला आणि त्यात जमेल ती मदत मी आनंदाने करीन. प्रश्नावलीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. तिच्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न लॉऱ्यांचे आहेत: कोणत्या कारखान्याची, कोणत्या साली घेतली, नोंदणी क्रमांक काय, इंजिन कोणते, रंग कोणता. ही माहिती कामाचीच आहे. पण जुन्या लॉऱ्यांचे शौकीन वर्षानुवर्षे तिच्या मागे आहेत आणि फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन, लेलँड यांच्या गाड्यांविषयी त्यांनी टिपले नाही असे थोडेच उरले असेल. एका कुटुंबाचा संसार त्या पाच-सात गाड्यांवर चालत कसा होता, हे मात्र फारसे कोणी विचारलेले नाही. परवाना कसा मिळे, परतीचा माल कोण शोधून देई, हिशेब कोण लिहीत असे, चालक रात्री कुठे पाठ टेकत असे, हे प्रश्न तुमच्या यादीत मला दिसले नाहीत. सुरुवात गाडीपासूनच करा, कारण जुन्या चालकाची जीभ गाडीच्या नावानेच मोकळी होते. परंतु गाडीपाशी थांबू नका.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांपैकी आठ चाकी लॉरीचे छायाचित्र पाहा. केबिनवरच्या शिरपट्टीवर मालकाचे नाव सोनेरी अक्षरांत, छाया देऊन रंगवलेले आहे, आणि त्यावरून तुम्ही लिहिता की त्या काळी गाड्या फार निगुतीने ठेवत असत. आता नजर जरा खाली न्या. टायरांच्या खाचांत मातीचा कण नाही, बॉडीच्या कडेला दोर अडकवण्यासाठी जे आकडे असतात त्यांचा रंग कुठेही घासलेला नाही, आणि सपाट फळ्यांवर मालाचा एक ओरखडा नाही. ही गाडी अजून कामावर गेलेलीच नाही. असे छायाचित्र बहुधा कारखानदार किंवा बॉडी बांधणारा आपल्या जाहिरातीसाठी काढून घेई. मागे उरतात ती अशीच छायाचित्रे, कारण चिखलाने माखलेल्या गाडीचे छायाचित्र काढण्याचे कोणाला सुचत नसे. आणि भिंतीवरचे ते एकच चित्र पन्नास वर्षे पाहून माणसाची आठवणही हळूहळू तशीच चकाकू लागते. रंगाचा आणि अक्षरांचा अभिमान खोटा होता असे मी म्हणत नाही. कार्लाइलच्या एडी स्टोबार्ट या वाहतूक पेढीने आपल्या गाड्यांना ट्विगी, टॅमी, डॉली अशी स्त्रियांची नावे दिली, ती पुढे देशभर लोकांच्या तोंडी झाली, हे तुम्ही जाणताच. तरीही गाडी धुवायचे काम कोणाच्या वाट्याला येई, त्या वेळेचा पगार मिळे का, आणि मालकाची मुले त्यात असत का, हे विचाराच.

पेढ्यांच्या जन्मकथा मोठ्या गोड असतात आणि एकमेकींसारख्याही असतात, म्हणून त्यांत फार वेळ घालवू नका. पहिले महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा झालेल्या लॉऱ्या विक्रीला निघाल्या. स्लाउ येथे तर अशा गाड्या दुरुस्त करून विकण्याचा मोठा कारखानाच 1920 च्या सुमारास उभा राहिला आणि त्यातूनच पुढे तिथली प्रसिद्ध औद्योगिक वसाहत झाली. युद्धात गाडी हाकायला शिकलेले अनेक सैनिक त्या लॉऱ्या घेऊन धंद्यात उतरले. कोणी आधीपासून घोडागाडीने कोळसा वाहत होते, कोणी शेतांवरून दुधाच्या बरण्या गोळा करत होते. आजोबांनी एक गाडी घेतली इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक घर सांगेल. दुसरी गाडी कोणत्या पैशांतून आली, ते मात्र क्वचितच सांगेल.

माझ्या मते खरा इतिहास 1933 च्या रस्ते व रेल्वे वाहतूक कायद्यापासून सुरू होतो. त्या कायद्याने परवान्यांचे तीन वर्ग केले. भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणाऱ्यास 'ए', स्वतःचा आणि ठरवून दिलेल्या अटींवर दुसऱ्याचाही माल वाहणाऱ्यास 'बी', आणि केवळ स्वतःचाच माल वाहणाऱ्या दुकानदार-कारखानदारास 'सी'. शेवटचा वर्ग मागेल त्याला मिळे. पहिल्या दोहोंसाठी मात्र परवाना अधिकाऱ्यापुढे उभे राहून आपली गरज सिद्ध करावी लागे, आणि समोर हरकत घ्यायला रेल्वे कंपन्यांचे वकील हजर असत. त्याच वर्षी चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून पिकफर्ड्स ही जुनी वाहतूक पेढी आपल्या ताब्यात घेतली होती, यावरून रस्त्यावरच्या स्पर्धेची त्यांना किती धास्ती होती हे ध्यानात येईल. एक गाडी वाढवायची तरी गिऱ्हाइकाला साक्षीला न्यावे लागे. त्यामुळे अनेक पेढ्यांची खरी मालमत्ता आवारात उभ्या असलेल्या गाड्या नसून कपाटातला परवाना ही होती, आणि एका पेढीने दुसरी विकत घेतली असे जेव्हा कोणी सांगेल तेव्हा ती गाड्यांसाठी घेतली की परवान्यासाठी, हे जरूर विचारा. परवान्याचे अर्ज आणि त्यांवरचे निर्णय छापून प्रसिद्ध होत असत. 1905 पासून निघणाऱ्या 'कमर्शियल मोटर' साप्ताहिकाचे जुने अंकही पाहता येतात. मुलाखतीला जाण्यापूर्वी हे कागद चाळले, तर समोरचा माणूस तुम्हाला ऐकीव गोष्टींवर भागवणार नाही.

राष्ट्रीयीकरणाची कहाणी तुम्हाला पुष्कळ ऐकायला मिळेल आणि ती सांगताना आवाज चढतील. 1947 च्या वाहतूक कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारकडे गेली, 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस' उभी राहिली, आणि ज्या खासगी पेढ्या वाचल्या त्यांना आपल्या ठिकाणापासून 25 मैलांच्या पलीकडे भाड्याचा माल नेण्यास खास परवानगी लागू लागली. ज्या घराने तीस वर्षे जोपासलेला रंग पुसून गाड्यांवर सरकारी लाल रंग चढताना पाहिला, त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण राग टिपून थांबू नका. कित्येक मालक त्याच आवारात सरकारी व्यवस्थापक म्हणून पगारावर राहिले. कित्येक चालकांना नियमित वेतन आणि ठरलेले तास आयुष्यात प्रथमच मिळाले. 1953 च्या कायद्याने गाड्या पुन्हा विक्रीला निघाल्या आणि 1954 अखेर 25 मैलांची मर्यादाही उठली, तेव्हा काही घरांनी आपल्याच जुन्या गाड्या बोली लावून परत घेतल्या, तर काहींनी भरपाईचे पैसे भलतीकडे गुंतवून या धंद्याकडे पाठ फिरवली. मालकाचा मुलगा आणि त्याच आवारातला चालक या दोघांना तुम्ही एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी विचारलात, तर एकाच आवाराच्या दोन हकिगती हाती लागतील. त्या दोन्ही छापा.

आठवण पारखायची कशी, असे तुम्ही विचारले आहे. आकडेमोड करून. समजा कोणी सांगितले की 1950 च्या सुमारास आपण संध्याकाळी मँचेस्टरहून भरलेली आठ चाकी लॉरी घेऊन निघत असू आणि पहाटे लंडनच्या बाजारात माल उतरवून त्याच दिवशी परतत असू. अंतर सुमारे 190 मैलांचे आहे. जड लॉरीला तेव्हा ताशी 20 मैलांची मर्यादा होती. ती 1957 मध्ये 30 झाली. म्हणजे मर्यादा पाळली तर एकेरी प्रवासालाच साडेनऊ तास हवेत, आणि 1930 च्या कायद्यानुसार चालकाला दिवसाकाठी 11 तासांहून अधिक गाडी हाकण्यास मनाई होती. तेव्हा एकतर वेग मर्यादेबाहेर होता, किंवा नोंदीच्या कागदावर भलतेच तास लिहिले जात होते, किंवा वाटेत मध्यावर दोन चालक भेटून गाड्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या घरी झोपायला परतत. ही तिसरी पद्धत सर्रास होती. यातले काय घडत होते ते न रागावता, न हसता विचारा. मोटारमार्ग नसतानाचा लंडनपर्यंतचा तो प्रवास कसा होता हे त्या उत्तरातच कळेल. लंडनकडून येणाऱ्या एम 1 या मोटारमार्गाचा पहिला मोठा टप्पा 1959 मध्ये खुला झाला, हे सोबत लक्षात असू द्या.

उत्तरेकडच्या चालकांना शॅपच्या घाटाविषयी बोलते करा. स्कॉटलंडकडे जाणारा ए 6 रस्ता तिथे सुमारे 1,400 फुटांवर चढतो, आणि 1970 मध्ये एम 6 मोटारमार्गाचा तो भाग सुरू होईपर्यंत पश्चिमेकडची बहुतेक जड वाहतूक त्याच घाटाने जात असे. गार्डनरच्या सहा सिलिंडरच्या 6 एलडब्ल्यू इंजिनाची ताकद 102 अश्वशक्ती, आणि आठ चाकी गाडीचे भरलेले वजन 22 टनांपर्यंत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ती चढण चालत्या माणसाच्या वेगाने का चढावी लागे हे वेगळे सांगावे लागत नाही. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला की गाड्यांची रांग लागे आणि वरच्या उपाहारगृहात चालकांना रात्र काढावी लागे. तिथे कोण कोणाला भेटले, कोणत्या पेढीच्या चालकाने कोणाच्या गाडीला साखळी लावून ओढले, यातून पेढ्यांमधली खरी नाती कळतात. कागदावर ते सारे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते.

एक गोष्ट मात्र शब्दांत न ऐकता हाताने करून दाखवायला सांगा, ती म्हणजे ताडपत्री आणि दोर. सपाट बॉडीवर माल रचून झाला की ताडपत्र्या मागून पुढे घालत, म्हणजे पुढच्या ताडपत्रीची कड मागच्यावर येई आणि धावत्या गाडीचा वारा व पाऊस सांध्यातून आत शिरत नसे. मग दोर आडवा टाकून खालच्या आकड्याला घ्यायचा, त्यालाच एक फास असा घालायचा की ओढताना दोर स्वतःवरच दुपटीने ताणला जाईल आणि सोडताना एका हिसक्यात सुटेल. भिजलेली ताडपत्री दोघांनाही आवरत नसे, आणि थंडीत गोठलेल्या दोराने बोटे सोलून निघत. लँकेशायरमधल्या एका पेढीच्या कचेरीत मी वाहतूक कारकून होतो, तेव्हा आवारातला मुकादम गाडी फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी दोरावर फक्त हाताची कड आपटून आवाज ऐकत असे, आणि आवाज ढिला वाटला तर एक शब्द न बोलता बोटाने गाडी बाजूला घ्यायला लावत असे. ज्याने हे काम केले आहे त्याच्या हाती तुम्ही दोराचा तुकडा दिलात, तर जे तासभर प्रश्न विचारून निघणार नाही ते आपोआप निघेल. चित्रण करण्याचे यंत्र तेव्हा चालू असू द्या.

कचेरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लहान पेढीची कचेरी म्हणजे बहुतेक वेळा घराची पुढची खोली असे, आणि दूरध्वनी उचलणारी व्यक्ती मालकाची पत्नी, बहीण किंवा मुलगी असे. वाटेत गाडी बिघडली की चालक सार्वजनिक फोनवरून तिलाच कळवी. ग्लासगोला माल उतरला की परतीचे भाडे तीच शोधी. रिकामी गाडी परत आली तर जातानाचा नफा गेलाच, म्हणून परतीचा माल मिळवून देणारे दलाल शहरोशहरी बसलेले असत, आणि कोणता दलाल पैसे वेळेवर देतो हे तिच्या डोक्यात पक्के असे. या बायका कोणत्याही छायाचित्रात नाहीत आणि तुमच्या मुलाखतींच्या यादीतही एकीचे नाव नाही. यादी सुधारा. पतीची मुलाखत चालू असताना चहा घेऊन आलेल्या बाईंनी वर्ष दुरुस्त केले, तर यंत्राची दिशा लगेच त्यांच्याकडे वळवा.

पेढ्या बंद का पडल्या याचे एकच कारण लिहिण्याचा मोह टाळा. 1968 च्या कायद्याने जुने परवाने गेले, तेव्हा लायक ठरेल त्या कोणालाही धंद्यात उतरता येऊ लागले आणि कपाटातल्या त्या कागदाची किंमत शून्य झाली. दरवर्षीची सक्तीची तपासणी आली. पुढे चालकाचे तास आपोआप नोंदवणारे टॅकोग्राफ यंत्र आले. कंटेनर आले, मोठ्या गिऱ्हाइकांनी आपले वितरण मोठ्या कंपन्यांकडे सोपवले. मुलांना धंदा नको होता, असेही तुम्हाला सांगतील, आणि ते खरेही असेल. पण गाव वाढल्यावर पेढीच्या आवाराची जमीन पेढीपेक्षा महाग झाली, ही बाब घरातली माणसे सहसा बोलत नाहीत. भावाभावांतली भांडणेही अशाच वेळी निघतात. ती ऐकून घ्या, वेगळी ठेवा, आणि दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय छापू नका.

नोंदणी क्रमांकाच्या प्रश्नाला मी नावे ठेवली खरी, तरी तो पूर्ण काढून टाकू नका. पाटीवरची अक्षरे गाडी कोणत्या परगण्यात प्रथम नोंदली गेली ते सांगतात: 'एओ' आणि 'आरएम' कंबरलँडची, 'ईसी' आणि 'जेएम' वेस्टमोरलँडची. लँकेशायरच्या पेढीकडे कंबरलँडची पाटी दिसली, तर गाडी बहुधा जुनी घेतलेली होती, आणि ती कोणाकडून व का आली हा पुढचा प्रश्न आपसूक हाती येतो.

आरंभ चालकांपासून करा, मालकांकडे नंतर जा. वयाने सर्वांत मोठ्यांना आधी गाठा. सुधारलेली प्रश्नावली आणि पहिल्या ध्वनिमुद्रणाची प्रत पाठवलीत तर मी ऐकून सविस्तर लिहीन. आठ चाकी गाडीच्या छायाचित्राची मूळ प्रत मिळाली, तर तिच्या पाठीमागे छायाचित्रकाराचा शिक्का आहे का, तेवढे पाहून कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला शुभचिंतक