परतीचं तिकीट २१ तारखेचं

ताई, सलाम. मी ६२ वर्षांची, हे ६६. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांनी मिशनसाठी नाव दिलं आणि दीड वर्षासाठी आम्ही दोघं आफ्रिकेतल्या मलावीत, ब्लँटायरजवळच्या एका मिशन दवाखान्यात गेलो. खर्च आमच्याच पेन्शनवर. जनरेटर, पंप, हिशेब सगळं हे बघतात. सात महिने झाले. आता लेकीच्या बाळंतपणाला मी पुण्यात आले आहे. परतीचं तिकीट २१ तारखेचं आहे आणि मला जायचं नाही. चर्चच्या मंडळीने पाठवणीची उपासना घेतली, पाकिटं दिली. आता कुठल्या तोंडाने सांगू? यांनाही अजून काही बोललेले नाही.
– एक बहीण, घोरपडी

ताई, सलाम.

तुमचं पत्र चार पानी होतं, वर कापून छापलंय. खरी गोष्ट मात्र कापलेल्या भागात होती.

तुम्ही तिथला दिवस लिहिलाय. पाचला उठून, लाइट आहे तोवर पाणी भरून घ्यायचं. सातला दवाखान्याच्या ओट्यावर तिथल्या चिचेवा भाषेतली प्रार्थना, त्यातलं आमेन तेवढं कळतं. साडेसातला हे गेले की दार लोटायचं. दुपारचा डबा, मग खिडकी. संध्याकाळी सहाला अंधार. जेवायला कधी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तोंडी लावायला तळ्यातली सुकवलेली उसिपा मासळी, 'अगदी आपल्या सुकटीसारखी, पण आपली नव्हे'. वरणाची फार आठवण येते, असंही लिहिलंय. (ताई, तिथे नांदोलो म्हणून जे विकतात ती तूरच. मलावीची तूर जहाजाने आपल्याकडे येते आणि तुम्ही तिथे वरणाविना बसलात! बाजारात मागून बघा, डाळ मात्र भरडून घ्यावी लागेल.)

मला वाटलं, एकटेपणा आहे, दुसरं काय. मग तिसऱ्या पानावर तो शिंपी आला.

तिथे बायका शिवायला बसत नाहीत, दुकानांच्या व्हरांड्यात पुरुषच पायमशीन घेऊन बसतात, असं तुम्ही लिहिता. एकाचा दोरा सारखा तुटत होता, तो वैतागला होता. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, बॉबिन केस काढलीत, तिचा बारकासा स्क्रू नखाने अर्धा फेरा सैल केलात, दोरा ओवून दिलात. टाका बसला. 'तो अमायी अमायी म्हणत उठून उभाच राहिला. अमायी म्हणजे आई. मी झिकोमो, म्हणजे धन्यवाद, म्हणाले आणि घरी येईपर्यंत हसत होते.' ताई, चार पानांत इथेच तुमचं अक्षर मोठं झालंय. पत्र पुन्हा तुमच्या हातात असतं तर तुम्हाला दाखवलं असतं.

घोरपडीत तुम्ही ३० वर्षं ब्लाउज शिवलेत. निघताना यांना विचारलं गेलं, काय काय येतं? पंप, जनरेटर, हिशेब. तुम्हाला कुणी विचारलं? 'मिसेसही सोबत येतील' एवढ्यावर तुमचा अर्ज भरला गेला असणार. जोडप्याने सेवेला जाण्यात हा घोळ जुना आहे. आपल्याकडे आलेल्या कित्येक मिशनरी बायका कागदोपत्री नुसत्या अमक्याच्या मिसेस आहेत. मार्गारेट विल्सन १८२९ साली नवऱ्याबरोबर मुंबईत उतरली, मराठी शिकली आणि मुलींच्या शाळा काढल्या. सहा वर्षांत वारली बिचारी. पण त्या सहा वर्षांत तिचं स्वतःचं काम होतं.

म्हणून मला वाटतं, तुम्हाला मलावी नको झालेलं नाही. सोबत म्हणून राहणं नको झालंय. आणि हे खरं असेल तर पुण्यात राहून ते सुटणार नाही. लेक म्हणते, आई नको ना जाऊस. म्हणणारच. तिची रजा संपेल, ती कामावर जाईल आणि दुपटी, दूध, दुपारची झोप तुमच्याकडे येईल. तिथे नवऱ्याचा डबा, इथे नातवाचा. नातवंड गोड असतं, मला माहीत आहे, मीही आजी आहे. तरी सांगते.

मंडळीचं म्हणाल तर कुणीतरी बायबलमधलं नांगराला हात घालून मागे पाहण्याचं वचन ऐकवेलच. ऐकून घ्या. पाकिटं परत द्यावीशी वाटली तर उरलेले पैसे हिशेबासकट पाळकसाहेबांकडे द्या, विषय संपेल. महिला मंडळाला मात्र 'सगळं छान चाललंय' हे सांगणं आजपासून बंद. खोटी साक्ष कशाला?

सगळ्यात आधी यांच्याशी बोला. त्यांचा फोन तुमच्या साडेनऊला येतो, तेव्हा तिथे सहा वाजलेले असतात, अंधार पडलेला, समोर एकट्याचं ताट. तेही 'सगळं बरं आहे' म्हणतात ना? दोघंही एकमेकांना सांभाळून घेताय. आज बाळ झोपलं की गॅलरीत जा आणि सरळ सांगा: अहो, मला तिथे काम नाही, काम असेल तर येते. पुढची चौकशी त्यांना करू द्या. दवाखान्याला चादरी, पडदे, ऑपरेशनचे गाऊन लागतात, ते कुणीतरी शिवतच असेल. एखादी खोली आणि दोन मशीन मिळतील का, शिकायला चारजणी येतील का, आठवड्यातून दोन दिवस चिचेवा कोण शिकवेल, हे त्यांनी विचारून यावं. निरोप नको, नक्की उत्तर हवं. त्याला वेळ लागला तर तिकीट तीन आठवडे पुढे ढकला. दंडाचे पैसे जातील, जाऊ देत.

उत्तर 'बघू नंतर' असं आलं तर जाऊ नका. मी तर जाणार नाही. त्यांनी मुदत पुरी करून यावं, तुम्ही इथून रोज फोन करा, आणि लेकीलाही बाळ सांभाळायची वेळ ठरवून द्या.

आणि जायचं ठरलं तर दोन कामं उरकून घ्या. नोव्हेंबरात यांच्या हयातीच्या दाखल्याचं तिथून कसं करायचं ते बँकेत विचारून ठेवा. रविवार पेठेत जाऊन १४ आणि १६ नंबरच्या सुया, वंगणाची बाटली आणि दोन-चार बॉबिन केस घ्या. त्या शिंप्याचा स्क्रू तुम्ही नखाने फिरवलाय, पेचकसाने नाही. तो एव्हाना आणखी ढिला झाला असेल.