बस लागली, पण कुणाला?

मराठी शिकणाऱ्या एका हिंदीभाषक वाचकाने विचारलं आहे : ‘पाच नंबरला बस लागली’ म्हणजे बस फलाटावर उभी आहे आणि ‘मला बस लागते’ म्हणजे मला प्रवासात मळमळतं. क्रियापद एकच, मग हे कसं?

‘लागणे’चं मूळ संस्कृत ‘लग्’, म्हणजे चिकटणं, भिडणं. ‘लग्न’ हे त्याच धातूचं रूप. म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो! बस फलाटाला लागते, होडी किनाऱ्याला, करपलेला भात पातेल्याच्या बुडाला. वाटेत घाट लागतो, विहीर खणताना पाणी लागतं. सगळीकडे काहीतरी कशाला तरी भिडतंय.

आता माणसाकडे या. तहान, ठेच, झोप, दृष्ट, सुपारी, नोकरीसुद्धा. यातलं काही लागतं, तेव्हा आपण काही ‘करत’ नाही, ते येऊन आपल्याला लागतं. तेव्हा ‘ला’ कुणाला जोडलाय तेवढं पाहा. पहिल्या वाक्यात बस फलाटाला लागली, दुसऱ्यात तुम्हाला.

याहून सुंदर जोडी पुढे आहे : ‘मी जाऊ लागलो’ आणि ‘मला जावं लागलं’. एकीत सुरुवात, दुसरीत सक्ती. सुरुवातीसाठी हिंदीतही ‘जाने लगा’ आहे, पण सक्तीला तिथे ‘जाना पड़ा’ म्हणतात, गुजरातीतही पडणंच. मराठीत मात्र सक्तीही लागते. मला हे असं उमगतं : ‘जाऊ लागलो’मध्ये मी जाण्याला भिडलो, जसं आपण ‘कामाला लागलो’ म्हणतो, ‘जावं लागलं’मध्ये जाणंच मला येऊन चिकटलं. म्हणून तिथे ‘मी’चा ‘मला’ होतो आणि क्रियापद माझं ऐकत नाही : ‘मला पोळी करावी लागली’, मी पुरुष असो की बाई.

आणखी एक अर्थ शिकताना हमखास निसटतो. ‘आईला पोळ्या करू लाग’ याचा अर्थ ‘पोळ्या करायला सुरुवात कर’ असा नाही. आईच्या जोडीने कर, तिला हातभार लाव. घरोघरचा हा प्रयोग आता मागे पडतोय, ‘हेल्प कर’ कानावर येतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. ‘मदत’ या शब्दात देणारा आणि घेणारा वेगळे राहतात. ‘करू लागणे’त दोघं एकाच कामाला भिडलेले असतात.

शेजारच्या काकू मेथी निवडत बसल्या असतील तर ‘निवडू लागू का?’ असं विचारून बघा.