ईयोबाचे दुःख आणि उंबरठ्याखालचा वाडगा

प्रश्न : हिब्रू बायबलातल्या ‘ईयोब’ या ग्रंथात नीतिमान ईयोबाला छळणारा सैतान राक्षसांचा राजा होता का? हिब्रू शास्त्र माणसाच्या दुःखाचे खापर भुतांवर फोडते का?

उत्तर : नाही. मूळ शब्द आहे ‘हा-सातान’. ‘हा’ हे हिब्रू उपपद विशेषनामाला लागत नाही. म्हणजे हे नाव नसून हुद्दा आहे, देवाच्या दरबारात आरोप ठेवणाऱ्याचा. परवानगी मिळते तेवढेच तो करतो आणि दुसऱ्या अध्यायानंतर दिसतही नाही. ४२ अध्यायांत ईयोब त्याला एकदाही दोष देत नाही. त्याचे भांडण थेट देवाशी आहे, आणि हेच या ग्रंथाचे मोठेपण.

‘शेदीम’, म्हणजे भुते, हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात दोनदाच येतो : अनुवाद ३२:१७ आणि स्तोत्र १०६:३७. तिथे लोक त्यांना बळी देतात. ती कुणाला आजारी पाडत नाहीत. शौल राजाला पछाडणारा दुष्ट आत्मासुद्धा परमेश्वराकडूनच येतो (१ शमुवेल १६:१४). वाईटही देवाकडूनच येते, हे पुढे जड जाऊ लागले असावे. २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजाला पाप ठरलेली शिरगणती करायला देव लावतो. नंतरच्या १ इतिहास २१ मध्ये तेच काम ‘सातान’ करतो, आणि तिथे उपपद नाही.

प्रश्न : मग यहुदी परंपरेत भुतांवर इतके तोडगे कसे?

उत्तर : ते मुख्यतः बॅबिलोनियातले. तिथल्या तालमूदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहात (बराखोत ६अ), गुडघ्यांतला थकवा आणि विद्वानांचे झिजलेले कपडेही भुतांच्या माथी मारले आहेत. ती पाहायची असतील तर चाळलेली राख खाटेभोवती पसरा, सकाळी कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतील, असे तिथे म्हटले आहे.

बॅबिलोनियातल्या निप्पूरसारख्या ठिकाणी सापडलेले मंत्रांचे वाडगे साधारण ५ व्या ते ८ व्या शतकातले. साधा मातीचा वाडगा. आतून शाईने अरामी मजकूर, बहुधा तळापासून काठाकडे गोल गोल फिरत जाणारा. मग तो उंबरठ्याखाली किंवा जमिनीत पालथा पुरायचा, भूत खाली अडकावे म्हणून. घरातल्यांची ओळख आईच्या नावाने दिलेली असे.

काही वाडग्यांवर लिलिथ या स्त्री-भुताला चक्क ‘गेट’, म्हणजे घटस्फोटपत्र, दिले आहे. गेटमध्ये नाव चुकले तर ते बाद ठरते. म्हणून अशा मजकुरात तिचेच नव्हे, तिच्या आईबापांचेही नाव घातलेले आढळते.