मदरबोर्ड बदलतोयस? विंडोज लगेच पुसू नकोस

रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बदलणार असशील तर पुढचं वाचूच नकोस, काही होत नाही. प्रश्न येतो तो मदरबोर्डचा. विंडोज ७ च्या काळी नव्या बोर्डावर जुनी डिस्क लावली की बहुतेक वेळा विंडोज कोलमडून निळा पडदा ठरलेला. १० आणि ११ मात्र समंजस आहेत: पहिल्यांदा सुरू होताना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) शोधत बसतात, एकदोनदा रीस्टार्ट होतात आणि चालू लागतात.

पण जुना बोर्ड काढायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघ. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असू शकतं. त्याची किल्ली जुन्या बोर्डातल्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपमध्ये) असते, त्यामुळे नवा बोर्ड ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मी एकदा रात्री दीड वाजता ती शोधत बसलोय. की कागदावर लिहून ठेव, नाहीतर एन्क्रिप्शन सरळ बंद कर. बॅकअप तर घेच.

लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेव. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. पीसीसोबत आलेलं ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं समज.

डिस्कचे भाग नोंदवण्याची पद्धत जुनी एमबीआर असेल (नवी ती जीपीटी) तर नवा बोर्ड बहुधा बूटच करणार नाही. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी हे टूल आहे, डेटा न पुसता डिस्क जीपीटी करून देतं. आणि नव्या बोर्डाचा लॅन-वायफाय ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घे, नाहीतर इंटरनेटचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट कुठून आणणार!